‘सिंपल जॅक’ चौकटीबाहेर कसा आला

११ ऑगस्ट २००८ ला लॉस एंजेलिसच्या वेस्टवुड भागात ‘ट्रॉपिक थंडर’ या विनोदी चित्रपटाचा प्रीमियर होता. आत तारे-तारका, बाहेर हातात फलक घेतलेली माणसं. चित्रपटातल्या एका शब्दाला आणि एका पात्राला त्यांचा विरोध होता, आणि त्यांच्यामागे वीसहून अधिक अपंग-हक्क संघटनांची आघाडी उभी होती. त्यातलं सगळ्यांत ओळखीचं नाव स्पेशल ऑलिम्पिक्सचं. बौद्धिक अक्षमता असलेल्या खेळाडूंसाठी काम करणारी ही जागतिक संस्था. तिचे अध्यक्ष टिमोथी श्रायव्हर यांनी बहिष्काराची हाक दिली होती.

जरा मागे गेलं की कोडं पडतं. तीन वर्षंही झाली नव्हती, डिसेंबर २००५ मध्ये याच संस्थेने ‘द रिंगर’ नावाच्या दुसऱ्या विनोदी चित्रपटाला उघड पाठिंबा दिला होता. तिचे दीडशेच्या वर खेळाडू त्यात पडद्यावर दिसतात आणि कार्यकारी निर्माता म्हणून श्रायव्हर यांचंच नाव आहे. त्या चित्रपटाची एका ओळीतली कथा ऐकून कुणीही कानावर हात ठेवील: पैशांसाठी एक धडधाकट माणूस बौद्धिक अक्षमता असल्याचं सोंग घेतो आणि स्पर्धेवर पैजा लावून कमाई करायला स्पेशल ऑलिम्पिक्समध्ये घुसतो. कागदावर ‘ट्रॉपिक थंडर’ त्या मानाने कितीतरी सोवळा. त्यात चेष्टा होते ती हॉलिवूडच्या नटांची.

मग त्याला होकार आणि याला बहिष्कार, असं का? ‘एक सभ्य, दुसरा असभ्य’ हे उत्तर चालत नाही, कारण दोन्ही चित्रपट पुरेसे चावट आहेत.

पडद्यावर नेमकं काय आहे

बेन स्टिलर यांनी जस्टिन थेरू आणि इटन कोएन यांच्यासोबत पटकथा लिहिली, दिग्दर्शन स्वतः केलं आणि टग स्पीडमन ही भूमिकाही केली. स्पीडमन हा उतरणीला लागलेला मारधाडपटांचा नट. गंभीर नट म्हणून मान मिळावा यासाठी त्याने ‘सिंपल जॅक’ नावाच्या चित्रपटात जनावरांशी बोलणाऱ्या, बौद्धिक अक्षमता असलेल्या शेतमजुराचं काम केलं आणि तो चित्रपट सपशेल आपटला. ‘सिंपल जॅक’ हा म्हणजे चित्रपटातला चित्रपट. त्याचे काही तुकडेच आपल्याला दिसतात: वाडगं पालथं घालून कापावेत तसे पिवळे केस, पुढे आलेले दात, डंगरी, तोतरं बोलणं.

पुढे व्हिएतनाम युद्धावरच्या चित्रपटाचं चित्रीकरण करता करता ही नटमंडळी आग्नेय आशियातल्या जंगलात अमली पदार्थांच्या टोळीच्या हद्दीत भरकटतात आणि स्पीडमन टोळीच्या हाती लागतो. टोळीकडे एकच व्हिडिओ कॅसेट असते, ‘सिंपल जॅक’ची, आणि तिथे ती डोक्यावर घेतलेली असते. स्पीडमनला ओलीस ठेवून त्याच्याकडून तेच काम पुन्हा पुन्हा करून घेतलं जातं.

वाद ज्यावर पेटला तो प्रसंग त्याआधीचा आहे. कर्क लझारस, म्हणजे रॉबर्ट डाऊनी ज्युनियर, हा पाच ऑस्कर मिळवलेला ऑस्ट्रेलियन नट. कृष्णवर्णीय सार्जंटच्या भूमिकेसाठी त्याने चक्क कातडीचा रंग बदलून घेतलाय. ‘सिंपल जॅक’ का आपटला, हे तो स्पीडमनला समजावून सांगतो. ऑस्कर हवं तर अक्षमता पूर्ण दाखवायची नाही, काहीतरी चमत्कार शिल्लक ठेवायचा. ‘रेन मॅन’मध्ये डस्टिन हॉफमनने सांडलेल्या काड्या मोजल्या, पत्त्यांत जिंकला. ‘फॉरेस्ट गम्प’मध्ये टॉम हँक्स टेबल टेनिसमध्ये जिंकला, राष्ट्राध्यक्षांना भेटला. शॉन पेन २००१ च्या ‘आय ॲम सॅम’मध्ये पूर्ण उतरला आणि रिकाम्या हाताने घरी गेला. ऑस्कर देणाऱ्या अकादमीवरची टीका म्हणून हे बिनचूक आहे. लझारस नाव घेत नाही, पण १९६८ च्या ‘चार्ली’साठी क्लिफ रॉबर्टसन यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं ऑस्कर मिळालं, ते बौद्धिक अक्षमता असलेल्या आणि शस्त्रक्रियेनंतर प्रखर बुद्धिमान होणाऱ्या माणसाच्या भूमिकेला. लझारसचा नियम तिथेही तंतोतंत लागू पडतो.

अडचण या भाषणाच्या रचनेत आहे. त्यात ‘रिटार्ड’ हा शब्द (इथे एकदाच लिहितोय) त्याच्या वेगवेगळ्या रूपांत येत राहतो, आणि गाण्यात समेवर यावं तसं प्रत्येक वाक्य त्यावर येऊन टेकतं. विचार हॉलिवूडवर टीका करतो, पण हशा शब्दावर येतो. भाषणाचं सार ज्या एका वाक्यात येतं ते इतकं आखूड आणि ठसकेबाज आहे, की ते लक्षात ठेवायला बाकीचं भाषण लागत नाही. चित्रपट उतरल्यावर ते वाक्य एकटंच इंटरनेटवर फिरत राहिलं, कुणालाही मूर्ख ठरवायला तयार शिवी म्हणून.

या शब्दाचा प्रवास मराठी वाचकाला परका वाटू नये. मुळात तो वैद्यकातला, ‘मंद’ अशा अर्थाचा, आणि त्याआधीचे शास्त्रीय शब्द शिव्या झाले म्हणून सभ्य पर्याय म्हणून आलेला. ‘मतिमंद’चंही तेच झालं: शाळांच्या पाट्यांवर सौम्य म्हणून आला आणि मैदानावर ‘ए मंद’ होऊन बसला. स्पेशल ऑलिम्पिक्सने २००४ मध्येच आपल्या परिभाषेतून जुना शब्द काढून ‘बौद्धिक अक्षमता’ स्वीकारला होता. म्हणजे चित्रपट आला तेव्हा संस्थेत हा विषय नवा नव्हता. तापलेल्या तव्यावर पाणी पडलं, इतकंच.

दोन सोंगं, पण जाब एकालाच

निर्मात्यांचा बचाव सरळ होता. स्टिलर म्हणाले, आम्ही नटांची टर उडवतोय, गंभीर विषय वापरून पुरस्कार उकळणाऱ्यांची. कोएन यांचंही म्हणणं तेच. चित्रपटाची निर्मिती कंपनी ड्रीमवर्क्सने निवेदन दिलं, की हा प्रौढांसाठीचा विनोदी चित्रपट हॉलिवूडच्या अतिरेकाचं विडंबन करतो. हेतूबद्दल शंका घ्यायला जागा नाही. संहिता वाचली की तो स्पष्ट दिसतो.

पण याच चित्रपटात दुसरंही एक सोंग आहे, लझारसचं, आणि इतिहास पाहता ते अधिक स्फोटक होतं. गोऱ्या नटाने काळा रंग फासून कृष्णवर्णीय माणूस उभा करण्याची प्रथा अमेरिकेत अत्यंत घृणास्पद मानली जाते. तरीही बहिष्काराची हाक निघाली ती जॅकवरून. याचं कारण पटकथेतच सापडतं. लझारसच्या शेजारी अल्पा चिनो हे कृष्णवर्णीय पात्र आहे. लझारस काहीही बरळला की अल्पा तिथल्या तिथे पकडतो. एका प्रसंगात लझारस अतिगंभीर चेहऱ्याने कृष्णवर्णीयांच्या दुःखावर बोलतो, आणि अल्पा दाखवून देतो की या तर टीव्ही मालिकेच्या शीर्षकगीताच्या ओळी आहेत. हशा सोंगावर येतो, कारण ज्याचं सोंग घेतलंय तो माणूस चौकटीत उभा आहे आणि त्याला तोंड आहे.

जॅकच्या शेजारी कुणीच नाही. संपूर्ण कथेत बौद्धिक अक्षमता असलेलं एकही पात्र नाही. जॅकसुद्धा तसा नाही, तो स्पीडमनने घेतलेलं सोंग. लझारस ज्याच्याकडे बोट दाखवतो तो माणूस त्या जगात अस्तित्वातच नाही, त्यामुळे ‘माझ्याबद्दल बोलतोयस का?’ असं कुणी विचारू शकत नाही. ज्या अनुपस्थितीवर विडंबन बोट ठेवतं, तीच विडंबनाने जशीच्या तशी ठेवली. (आणि नियतीचा टोमणा असा, की पुढच्या वर्षी याच चित्रपटासाठी डाऊनी यांना सहायक अभिनेत्याचं ऑस्कर नामांकन मिळालं. अतिरेकी सोंगाला अकादमी भुलते, हे अकादमीने सिद्ध केलं.)

पडद्यामागेही हाच फरक होता. लझारसच्या पात्राबाबत सावधगिरी म्हणून कृष्णवर्णीय पत्रकारांना आणि नागरी हक्क संघटनेच्या प्रतिनिधींना चित्रपट आधी दाखवला गेला होता. धोका कुठे आहे हे कळत होतं, तिथे काळजी घेतली गेली. जॅकबद्दल असा धोका असू शकतो, हेच कुणाच्या डोक्यात आलं नाही.

जाहिरातीने केलेला घोळ

आमच्या मते हे प्रकरण चित्रपटगृहात बिघडलं नाही, जाहिरात विभागात बिघडलं. चित्रपट प्रदर्शित होण्याआधीच ‘सिंपल जॅक’ची स्वतंत्र वेबसाइट सुरू करण्यात आली, जणू तो खराच चित्रपट आहे. जॅकचा चेहरा असलेलं पोस्टर, आणि खाली परीकथेच्या सुरात ‘कोणे एके काळी एक...’ म्हणत पुढे तोच शब्द. कल्पना चतुर होती. अशा खोट्या जाहिराती या चित्रपटाच्या सुरुवातीलाच आहेत आणि तिथे त्या झकास जमतात. पण तिथे प्रेक्षक तिकीट काढून आत बसलेला असतो आणि दोन मिनिटांत सगळी साखळी त्याच्यासमोर येते.

विडंबनाला थर असतात. इथे ते तीन होते: सगळ्यांत आत जॅक, त्याच्याभोवती स्पीडमनची हाव, आणि सगळ्यांत बाहेर ती हाव पाहून हसणारा ‘ट्रॉपिक थंडर’. पोस्टरवर मधला थर गळून पडला. उरलं काय? पिवळे केस, पुढे आलेले दात, आणि एक शिवी. ज्या आईच्या मुलाला डाऊन सिंड्रोम (बौद्धिक अक्षमता आणणारी जन्मजात स्थिती) आहे तिने ते पोस्टर पाहिलं, तर हा जॅक खोटा नट आहे हे तिला कळायला मार्गच नव्हता. संघटनांचा पहिला आक्षेप चित्रपटावर नव्हताच, त्यांनी तो पाहिलाही नव्हता. आक्षेप होता तो या तुकड्यावर.

साध्या कात्रीने हे आधीच तपासता आलं असतं. विनोदातला कोणता भाग एका छायाचित्रात, एका वाक्यात किंवा एका पोशाखात मावतो, तो कापून वेगळा काढायचा आणि विचारायचं: हा एकटा पाहणारा कुणावर हसेल? उत्तर ‘नटावर’ आलं तर तो तुकडा बाहेर पाठवायला हरकत नाही. उत्तर ‘जॅकवर’ आलं तर तो चित्रपटाच्या आतच राहू द्यायचा. पोस्टरवर जॅकच्या वेषातला, पण रंगपटाच्या आरशासमोर बसलेला स्पीडमन असता, तर हाच विनोद थरासकट बाहेर गेला असता.

भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने ८ जुलै २०२४ ला ‘आंख मिचोली’ या हिंदी विनोदी चित्रपटाबाबतच्या निकालात केलेला भेद इथे उपयोगी पडतो. अपंगत्वाचा अनुभव समजून घेऊन केलेला विनोद वेगळा, आणि अपंग माणसाला आणखी खाली ढकलणारा विनोद वेगळा. हेटाळणीची भाषा आली, तर कलाकृतीचा एकूण संदेश तिला तारतो का, हेही न्यायालयाने पाहायला सांगितलं. आता प्रश्न असा, की पोस्टरला ‘एकूण संदेश’ कुठून आणायचा? चित्रपटगृहात कदाचित उत्तीर्ण होणारा जॅक भिंतीवर नापास होतो.

हातात राहिलेले दिवस

तक्रारी आल्यावर ऑगस्टच्या सुरुवातीला ती वेबसाइट बंद झाली, जाहिरातीही बदलल्या. संघटनांना खास खेळ दाखवायचं ठरलं, आधी ८ तारखेला. मग तो पुढे ढकलून ११ ला, म्हणजे प्रीमियरच्याच दिवशी ठेवला. प्रतिनिधींनी चित्रपट पाहिला, त्यांचं मत अधिकच कडक झालं आणि संध्याकाळी ते फलक घेऊन उभे राहिले. १३ तारखेला चित्रपट देशभर लागला.

तारखा पाहा. त्या काळी चित्रपट बहुतांश फिल्मच्या प्रिंटवर जात. मोठ्या चित्रपटाच्या प्रिंट हजारोंच्या संख्येत आठवडाभर आधीच छापून रवाना झालेल्या असतात. एक शब्द काढायचा तरी संकलन उघडायचं, ध्वनिमिश्रण पुन्हा करायचं, ती रिळं नव्याने छापायची. दोन दिवसांत हे होत नाही. म्हणजे ११ तारखेच्या खेळात प्रतिनिधींनी काहीही सांगितलं असतं, तरी चित्रपटात बदल होणं शक्यच नव्हतं. ऐकून घ्यायला बोलावलं, पण बदलता येण्याची वेळ उलटून गेल्यावर. प्रत्यक्षात एकही दृश्य कापलं गेलं नाही.

स्टिलर यांनी तेव्हा म्हटलं होतं, की आम्ही कितीतरी वेळा चित्रपट लोकांना दाखवला, पण हा मुद्दा अगदी शेवटी उपस्थित झाला. यात खोटं काही नसावं. चाचणी खेळांचे प्रेक्षक साधारणपणे वय आणि लिंग या हिशेबाने निवडले जातात: पंचविशीच्या आतले, पंचविशीवरचे, स्त्रिया, पुरुष. त्यांना विचारतात काय आवडलं, कुठे कंटाळा आला. बौद्धिक अक्षमता असलेला प्रेक्षक किंवा त्याच्या घरचं माणूस त्या तीन-चारशे खुर्च्यांत असलंच, तर योगायोगाने. आणि सगळं सभागृह खिदळत असताना आपल्याला लागलं असं कागदावर लिहून देणारे थोडेच.

ऑगस्टच्या अखेरीस ‘डेन्व्हर पोस्ट’मध्ये जॉन फ्रँकलिन स्टीफन्स यांचा लेख आला. सव्वीस वर्षांचे, डाऊन सिंड्रोम असलेले आणि स्पेशल ऑलिम्पिक्सचे खेळाडू. त्यांचा मुद्दा असा: चित्रपटवाले म्हणतात, हा शब्द वापरणारी पात्रं स्वतःच मठ्ठ आणि उथळ आहेत, त्यात गंमत आहे, म्हणजे मठ्ठ-उथळ अशा अर्थाचा शब्द मठ्ठ-उथळ माणसंच वापरतात, हा विनोद आम्हाला कळायला हवा. वडिलांनी सांगितलं की याला उपरोध म्हणतात. आणि मग ते लिहितात की तरीही तो शब्द लागतो, का लागतो. उपरोध त्यांना समजला नव्हता, असं म्हणायची सोयच त्यांनी ठेवली नाही. हॉलिवूडच्या बचावाला इतकं नेमकं उत्तर त्या महिन्यात दुसऱ्या कुणी दिल्याचं आढळत नाही.

‘द रिंगर’ने वेगळं काय केलं

निर्माते फॅरेली बंधू, दिग्दर्शक बॅरी ब्लॉस्टिन, नायक जॉनी नॉक्सव्हिल. ही मंडळी हळव्या चित्रपटांसाठी प्रसिद्ध नव्हती. पण संस्था पटकथेच्या टप्प्यावरच आत होती, आणि त्याचा परिणाम विनोदाच्या बांधणीत दिसतो. सोंग घेतलेला स्टीव्ह स्पर्धेच्या निवासात येतो. प्रेक्षकाला वाटतं की आता हा यांना फसवणार. पण खोलीतले खेळाडू त्याला लवकरच पकडतात. त्याचा अभिनय इतका भिकार असतो, की खरी माणसं फसणं शक्यच नव्हतं. तिथून गुपित त्यांच्या ताब्यात जातं. जिमी हा अजिंक्य आणि मग्रूर खेळाडू सगळ्यांना नकोसा झालेला असतो, म्हणून ते ठरवतात, की या तोतयालाच तयार करू. अक्षमता असलेली माणसं प्रशिक्षक, धडधाकट नायक ढ विद्यार्थी. मठ्ठ कोण, याचं उत्तर प्रत्येक प्रसंगात बाहेरून आलेला तो तोतयाच आहे.

जिमीकडे विशेष लक्ष द्यायला हवं. ही भूमिका लिओनार्ड फ्लॉवर्स या प्रत्यक्ष स्पेशल ऑलिम्पिक्स खेळाडूने केली आहे. बौद्धिक अक्षमता असलेला माणूस पडद्यावर बहुधा निरागस तरी असतो किंवा बापुडवाणा. डोक्यात हवा गेलेला, इतरांना तुच्छ लेखणारा असा क्वचितच. त्याच्यावर हसताना प्रेक्षक त्याच्या अक्षमतेवर हसत नाही, ताठ्यावर हसतो. हा मान एरवी फक्त धडधाकट खलनायकांना मिळतो.

सगळं काही आलबेल नाही. एडवर्ड बार्बानेल या डाऊन सिंड्रोम असलेल्या नटाने मोठी आणि धमाल भूमिका केली, पण नायकाच्या जवळच्या मित्रांपैकी कित्येक भूमिका अक्षमता नसलेल्या नटांनी केल्या. म्हणजे सोंगावरच्या चित्रपटात सोंगं शिल्लक राहिलीच. शेवटाकडे तो गोडही होतो. आणि पैशांचं म्हणाल, तर अमेरिकेत ‘द रिंगर’ने साडेतीन कोटी डॉलरच्या आसपास कमावले, तर बहिष्काराची हाक निघालेल्या ‘ट्रॉपिक थंडर’ने अकरा कोटींच्या घरात. बहिष्काराने गल्ल्यावर ओरखडाही उठला नाही. त्याचा उपयोग दुसरीकडे झाला: ३१ मार्च २००९ ला तो शब्द सोडून द्या, असं सांगणारी तरुणांची मोहीम सुरू झाली, आणि ऑक्टोबर २०१० मध्ये अमेरिकेच्या अनेक केंद्रीय कायद्यांतून जुनी संज्ञा काढणारा ‘रोझाज लॉ’ मंजूर झाला. ही सगळी चित्रपटाची देणगी म्हणणं फार होईल, काम आधीपासून चालू होतं.

काय बदलता आलं असतं

जॅक काढून टाकायची गरज नव्हती. पटकथेत एक अल्पा चिनो कमी होता. ‘सिंपल जॅक’च्या सेटवर सल्लागार म्हणून बोलावलेला, बौद्धिक अक्षमता असलेला एक माणूस, स्पीडमन त्याच्यासमोर दात पुढे काढून तोतरा बोलतोय आणि तो सहायकाला विचारतोय, ‘यांना बरं वाटत नाहीये का?’ अर्ध्या मिनिटाचा प्रसंग. हशा जातो थेट नटावर, आणि लझारसच्या भाषणाच्या वेळी प्रेक्षकाच्या डोक्यात एक खरा चेहरा असतो. भाषणात शब्द चार-पाच ठिकाणी गाळून तिथे नुसता हातवारा ठेवला असता, तरी अर्थ तसाच राहिला असता. आणि संकलनाचा पहिला कच्चा खर्डा तयार झाला, त्या वेळी संघटनांना बोलवायचं, म्हणजे प्रदर्शनाच्या निदान चार-सहा महिने आधी, ध्वनिमिश्रण पक्कं होण्यापूर्वी.

झालं ते असं, की दिग्दर्शकाच्या आवृत्तीच्या डीव्हीडीवर तो शब्द वापरू नका असं सांगणारी छोटी जनहित फीत टाकली गेली. ब्लू-रेवर ती नव्हती.

२०१८ च्या हॅलोविनला ऑलिम्पिक स्नोबोर्डपटू शॉन व्हाइट यांनी जॅकचा वेष केला, छायाचित्र टाकलं, टीका झाल्यावर ते काढून माफी मागितली. पिवळा टोप, डंगरी, दात, एवढंच सामान त्यासाठी पुरलं. स्टिलर यांनी तेव्हा ट्विटरवर लिहिलं, की दहा वर्षांपूर्वी बहिष्कार पडला तेव्हा मी माफी मागितली होती आणि तिच्यावर, चित्रपटावर आणि स्पेशल ऑलिम्पिक्सच्या कामावरही ठाम आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये कुणीतरी माफीचा विषय काढला, तेव्हा त्यांनी लिहिलं, की ‘ट्रॉपिक थंडर’बद्दल मी माफी मागत नाही, तुम्हाला हे कुणी सांगितलं कोण जाणे.